दयेत पडलेला माणूस: ‘मर्सी’ या शब्दाचे बदलत गेलेले अर्थ

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधली गावच्या कचेऱ्यांची दप्तरं उघडली, की एक वाक्य पानोपानी भेटतं. अमक्याची गाय मालकाच्या गव्हात शिरली, म्हणून तो ‘दयेत’. तमकीने नियम मोडून एल विकली, म्हणून ती ‘दयेत’. (एल म्हणजे तिथली घरोघरी बनणारी बिअर.) आणखी एकाने फिर्याद लावली आणि पुढच्या बैठकीला फिरकलाच नाही, म्हणून तो स्वतः आणि त्याला जामीन राहिलेले लोक, सगळेच ‘दयेत’.

पहिल्यांदा वाचणारा इथे हमखास फसतो. त्याला वाटतं, कचेरी मोठ्या मनाची होती, एवढ्या तेवढ्या चुका पोटात घालत होती. अर्थ बरोबर उलटा आहे. या सगळ्यांना दंड झाला आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ‘दयेत असणं’ म्हणजे दंडाला पात्र ठरणं, आणि ‘दया’ म्हणजे चक्क दंडाची रक्कम.

हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर ‘मर्सी’ हा दयेसाठीचा इंग्रजी शब्द मुळापासून पाहावा लागतो. त्याची सुरुवात देवळात झालेली नाही, बाजारात झाली आहे.

मजुरीपासून कृपेपर्यंत

लॅटिनमध्ये ‘मेर्क्स’ म्हणजे विकायचा माल. त्याच घरातला ‘मेर्केस’ म्हणजे कामाचा मोबदला: मजुरी, पगार, भाडं. मर्चंट, मार्केट, कॉमर्स हे आपल्या रोजच्या वापरातले शब्द याच कुळातले. पैशासाठी लढणाऱ्या भाडोत्री सैनिकाला इंग्रजीत मर्सिनरी म्हणतात, तो तर थेट ‘मेर्केस’वरून आला. म्हणजे मर्सी आणि मर्सिनरी ही सख्खी भावंडं आहेत.

मजुरीचा शब्द कृपेकडे वळला तो ख्रिस्ती लॅटिनमध्ये. बायबलच्या लॅटिन भाषांतरात येशू शिष्यांना सांगतो की स्वर्गात तुमचा ‘मेर्केस’ मोठा आहे. इथे अजून अर्थ मोबदला हाच आहे, फक्त देणारा बदलला. जो परतफेड करू शकत नाही त्याला द्यावं, त्याची भरपाई देव करील, अशी ही शिकवण. भुकेल्याला दिलेल्या भाकरीचे पैसे भुकेला देणार नाही, पण त्या भाकरीची ‘मजुरी’ वर जमा आहे. मग ज्या कामाला ही वरची मजुरी मिळते त्या कामालाच हा शब्द लागू झाला, आणि सहाव्या शतकापासून लॅटिन लिखाणात ‘मेर्केस’ हा कृपा, मेहेरबानी, दया या अर्थांनी दिसू लागतो. फ्रेंचांच्या तोंडी ‘मेर्केदेम’ या रूपाचा ‘क’ गेला, शेपूट झिजलं आणि ‘मेर्सी’ उरलं.

मोबदला आणि माफी यांचा असा मिलाफ आपल्याला परका नाही. फारसी ‘बख्शीदन’ या क्रियापदात देणं आणि माफ करणं हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यातलं देणं आपण मराठीत घेतलं: हॉटेलातल्या वेटरला बक्षीस, स्पर्धेत पहिलं बक्षीस, आणि मालमत्ता विनामोबदला नावावर करून द्यायची तर बक्षीसपत्र. हिंदीत मात्र ‘जान बख्श दो’ म्हणताना माफीचा अर्थ वर येतो. ‘मेर्सी’चंही तसंच. एकच शब्द, आणि कोणत्या दारात उभा आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कचेऱ्या, जहागिऱ्या फ्रेंच बोलू लागल्या. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या सुरुवातीला ‘मर्सी’ इंग्रजीत लिहिलेल्या मजकुरात दिसू लागतो. तोवर कायद्याच्या भाषेत त्याने वेगळाच संसार थाटला होता.

दयेचा दंड कसा झाला

तर्क असा. राजाचा कायदा मोडला की तुम्ही राजाच्या हातात सापडता. तुमची जंगम मालमत्ता, म्हणजे गुरं, धान्य, भांडीकुंडी, पैसा, यांचं काय करायचं ते त्याने ठरवायचं. तुम्ही त्याच्या दयेवर आहात. त्याची दया झाली तर तो सगळं न घेता काही रक्कम घेऊन सोडील. आधी ‘दयेवर असणं’ ही अवस्था होती, पुढे दयेखातर घेतलेल्या त्या रकमेलाच दया म्हणू लागले. फ्रेंचमध्ये ‘आ मेर्सी’, म्हणजे दयेवर, यावरून एक क्रियापद तयार झालं आणि इंग्रजीला ‘अमर्स करणं’ आणि ‘अमर्समेंट’ हे शब्द मिळाले. लॅटिन दप्तरात याच जागी ‘मिसेरिकॉर्दिया’ लिहीत. ‘मिसेर’ म्हणजे दुःखी आणि ‘कॉर’ म्हणजे हृदय. दुसऱ्याच्या दुःखाने हलणारं हृदय असा हा शब्द, आणि त्याच्यापुढे पेन्यांचा आकडा.

रक्कम मनमानी असू शकत होती, हा यातला खरा जाच. 1100 मध्ये पहिला हेन्री गादीवर बसला तेव्हा त्याने सनद काढून सांगितलं की माझ्या बापाच्या आणि भावाच्या वेळी गुन्हेगाराला आपली सारी मालमत्ता दयेत तारण ठेवावी लागे, तसं इथून पुढे होणार नाही, गुन्ह्याच्या मानाने घेतलं जाईल. ते वचन पाळलं गेलं नाही. म्हणून 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे सरदारांनी राजाकडून मान्य करून घेतलेल्या सनदेत, तीच मागणी पुन्हा आली. त्यातलं विसावं कलम अगदी बारकाईने लिहिलेलं आहे: स्वतंत्र माणसाला लहान गुन्ह्यासाठी गुन्ह्याच्या मापानेच दंड व्हावा, मोठ्यासाठी मोठा, पण त्याच्या उपजीविकेला धक्का न लावता, व्यापाऱ्याला त्याचा माल शाबूत ठेवून, आणि जमिनीला बांधलेल्या कुळाला त्याची शेती चालू राहील इतकं सोडून. पुढे म्हटलं आहे की आसपासच्या सचोटीच्या माणसांनी शपथेवर ठरवल्याशिवाय यातला एकही दंड लावू नये. या वाक्यात ‘दंड’ या जागी मूळ शब्द आहे ‘मिसेरिकॉर्दिया’, तोही अनेकवचनी. शब्दशः वाचलं तर ‘वर सांगितलेल्या दयांपैकी एकही’. मॅग्ना कार्टा दया मर्यादित ठेवा असं सांगते, हे एकदा नीट पोचलं की हा शब्द कुठून कुठे गेला ते कळतं.

गावपातळीवर हे काम कसं चाले ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे, कारण शब्दाचा अर्थ त्या कामकाजात दडलेला आहे.

जमीनमालकाच्या नावाने कचेरी भरे, बऱ्याच ठिकाणी दर तीन आठवड्यांनी. कारकून चामड्याच्या कागदाची लांब पट्टी घेऊन बसे. गुन्हा कबूल झाला किंवा गावच्या पंचांनी सांगितला की तो लिही: ‘म्हणून तो दयेत’. या क्षणी रक्कम ठरलेली नसते. दोषी ठरणं वेगळं आणि रक्कम ठरणं वेगळं, या दोन पायऱ्या कटाक्षाने निराळ्या ठेवलेल्या होत्या. बैठकीच्या शेवटी दोन ते चार गावकरी शपथ घेऊन रकमा ठरवत. त्यांना ‘अफिअरर’ म्हणत. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘भाव ठरवणं’, आणि त्याच्या पोटात ‘फोरम’ म्हणजे बाजार आहे. दया बाजारातून निघाली होती, आणि तिचा भाव ठरवणाऱ्यांच्या नावातही बाजारच होता.

मग कारकून प्रत्येक नावावर किंवा समासात रक्कम मांडी: दोन पेनी, तीन पेनी, सहा पेनी, क्वचित बारा. 1300 च्या आसपास शेतमजुराची दिवसाची कमाई साधारण दीड-दोन पेनी होती हे लक्षात ठेवलं की सहा पेनीचं वजन कळतं. समासात ‘मिसेरिकॉर्दिया’ पूर्ण लिहायला जागा नसे, म्हणून त्याची दोन-तीन अक्षरं आणि वर आडवी रेघ. पट्टीच्या तळाशी बेरीज. पैसे आले नाहीत तर भांडं, शेळी, जे हाती लागेल ते जप्त, नाहीतर जामिनाच्या गळ्याला फास.

एल विकणाऱ्या बायकांची नोंद यात वेगळी पाहावी. एलचं माप आणि भाव धान्याच्या दराला बांधलेले होते आणि ते मोडले की दया ठरलेली. पण कित्येक गावांत त्याच बायका, त्याच रकमा, बैठकीमागून बैठक दिसतात. म्हणजे हा दंड शिक्षेचा राहिला नव्हता. एल विकण्याच्या परवान्याची फी झाला होता. ‘दया’ आता महसुलाचं एक खातं होतं.

आणि खरोखरच कोणाची कीव आली तर? तेव्हा कारकून काय लिही ते पाहा. ‘दयेत’ असं लिहून झाल्यावर पुढे दोन-तीन शब्द येतात: ‘माफ, कारण गरीब’. समासात रकमेच्या जागी फक्त ‘गरीब’. दया हा शब्द दंडाने व्यापल्यामुळे दयेसाठी निराळा शब्द शोधावा लागला. जुन्या दप्तरांमधली माणुसकी शोधायची असेल तर ती ‘मिसेरिकॉर्दिया’त नाही, या छोट्या शेऱ्यात आहे.

मर्सी यायच्या आधी

नॉर्मन येण्यापूर्वी इंग्रज दयेला काय म्हणत? एक शब्द नव्हता, चार-पाच होते, आणि त्यांतला सर्वांत भरदार होता ‘आर’. जुन्या इंग्रजीत ‘आर’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. जर्मनमधला मानाचा शब्द ‘एरऽ’ त्याचाच भाऊ. पण ‘आर’ म्हणजे कृपाही, दयाही, आणि दानपत्रांमध्ये तर इनाम जमीन आणि तिचं उत्पन्नही.

मान आणि दया एका शब्दात कशी, हा प्रश्न इंग्रजीतून विचारला तर अवघड वाटतो. मराठीतून विचारला तर तेवढा अवघड नाही. गावच्या जत्रेत अमक्या घराण्याचा मान असतो, तेव्हा तो निव्वळ आदर नसतो. नारळ कोणाचा आधी, पालखीला खांदा कोणाचा, प्रसादाचा वाटा किती, असं काही ठोस हातात पडतं. मान दिला जातो, मान मिळतो, मान राखला जातो. ‘आर’ तसाच. खालच्याने वरच्याला दिला तर आदर, वरच्याने खालच्याला दिला तर कृपा, आणि कृपेने जी जमीन मिळाली ती इनाम. दिशा बदलली की अर्थ बदलतो, देवघेव तीच राहते.

बाराव्या शतकानंतर दक्षिणेकडच्या इंग्रजीत लांब ‘आ’चा ‘ओ’ झाला. दगडाचा ‘स्तान’ पुढे ‘स्टोन’ झाला, घराचा ‘हाम’ पुढे ‘होम’. तसा ‘आर’ झाला ‘ओर’. ‘लॉर्ड, दाइन ओर’ म्हणजे ‘प्रभू, तुझी दया’, अशी हाक त्या काळच्या प्रार्थनांमध्ये ऐकू येते. ती प्रेमगीतांतही ऐकू येते, आणि त्यावरून एक प्रसंग घडला. वेल्समधला धर्मपंडित जेराल्ड याने 1197 च्या सुमारास तो लिहून ठेवला. वूस्टर भागातल्या एका चर्चच्या आवारात रात्रभर नाच चालला होता. नाचणारे एकच ध्रुपद घोळवत होते: ‘स्वेटऽ लम्मन, धिन आरे’, म्हणजे ‘गोड सखे, तुझी दया’. पाद्र्याच्या कानात ते रात्रभर घुमलं. सकाळी पूजेचे कपडे चढवून तो वेदीपुढे उभा राहिला आणि ‘प्रभू तुमच्यासोबत असो’ या लॅटिन वचनाऐवजी मोठ्या आवाजात तेच ध्रुपद म्हणून बसला. बिशप विल्यम नॉर्थॉल याने मग आपल्या अख्ख्या क्षेत्रात त्या गाण्यावर बंदी घातली.

यातलं एक बारीक कारण सांगायला हवं. पाद्र्याची जीभ इतक्या सहज घसरली, कारण दोन्हीकडची विनवणी एकाच शब्दात होती. प्रभूकडे मागायची ती ‘आर’, सखीकडे मागायची तीही ‘आर’.

मग हा शब्द का मेला? एक तर त्याच्यासारखे दिसणारे फार झाले. जुन्या इंग्रजीतच ‘आर’ म्हणजे होडीचं वल्हंही होतं आणि ‘आर’ म्हणजे तांबं-पितळही. ‘आ’चा ‘ओ’ झाला तेव्हा हेही त्याच्यासोबत आले. पण एवढंच कारण पुरेसं नाही, कारण सारखे दिसणारे शब्द भाषेत आरामात नांदतात. खरं कारण कचेरी असावी. ज्या शब्दाशी रोज गाठ पडते, ज्याच्यापायी पेनी मोजाव्या लागतात, तो शब्द लोकांच्या जिभेवर बसतो. मर्सी चर्चमध्ये होती, दरबारात होती, आणि गावच्या कचेरीत तर दर बैठकीला होती. ‘ओर’ला एवढी ठिकाणं उरली नाहीत, आणि पंधराव्या शतकापर्यंत तो लिखाणातून जवळजवळ नाहीसा झाला.

‘मिल्स’ हा दयेच्याच अर्थाचा त्याचा जोडीदारही गेला. मवाळ या अर्थाचा आजचा ‘माइल्ड’ त्याचा नातलग. ‘रूथ’ मात्र अर्धा वाचला. रूथ म्हणजे कणव. तो स्वतः आता कोणी वापरत नाही, पण कणव नसलेला तो ‘रूथलेस’, हा शब्द मजबूत आहे. हा चमत्कार आपल्या घरातही आहे. संस्कृतात ‘घृणा’चा एक अर्थ करुणा. मराठीत घृणा म्हणजे किळस एवढंच उरलं, पण ‘निर्घृण खून’ म्हणताना आपण जुनाच अर्थ वापरतो: ज्याला करुणा नाही असा. नाहीतर निर्घृण म्हणजे किळस नसलेला असं व्हायला हवं होतं. शब्द मरतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा नकार मागे राहतो.

बाकीचे संसार

प्रेमाच्या भाषेत ‘मर्सी’ने ‘ओर’ची गादी घेतली. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या दरबारी काव्यात प्रेमिक ‘मर्सी’ मागतो तेव्हा तो जिवाची भीक मागत नसतो. सखीने हो म्हणावं एवढीच त्याची याचना. या ठिकाणी ‘दया’ असं भाषांतर केलं की कविता भलतीकडे जाते. ‘पावणं’ हे आपलं क्रियापद त्याच्या जवळ जातं: ती पावली की नाही, हाच प्रश्न असतो.

मग आभार. ‘ग्रां मेर्सी’ म्हणजे मोठी कृपा, ‘फार आभारी आहे’. इंग्रजीत त्याचं ‘ग्रामर्सी’ झालं आणि दोनतीनशे वर्षं चाललं. (न्यूयॉर्कमधल्या ग्रॅमर्सी पार्कचा याच्याशी संबंध नाही. ते नाव जुन्या डच जागेच्या नावाचं इंग्रजी रूप आहे.) फ्रेंचांनी हा अर्थ इतका पुढे नेला की आज ‘मेर्सी’ म्हणजे फक्त ‘थँक यू’, आणि दयेसाठी ते ‘पितिये’, ‘ग्रास’ असे दुसरे शब्द वापरतात. त्यांच्याकडे जुना अर्थ काही ठरलेल्या खोबणींत तेवढा शिल्लक आहे, जसं ‘आ ला मेर्सी दऽ’, कोणाच्या तरी तावडीत असणं. इंग्रजीत ‘आय क्राय यू मर्सी’ हे सोळाव्या शतकात ‘माफ करा हं’ इतकं हलकं झालं होतं, कोणाला धक्का लागला तरी म्हणण्यासारखं.

‘मिसेरिकॉर्दिया’वरून आलेला ‘मिझरिकॉर्ड’ तर वस्तूंमध्ये शिरला. संत बेनेडिक्टच्या नियमावलीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात आजारी सोडून बाकी भिक्षूंना चार पायांच्या प्राण्यांचं मांस वर्ज्य आहे. पुढे नियम सैल झाला तेव्हा तो मुख्य भोजनगृहात मोडायला नको म्हणून वेगळी खोली काढली, तिचं नाव मिझरिकॉर्ड. लांबलचक प्रार्थना उभ्याने म्हणाव्या लागत. म्हाताऱ्या भिक्षूंसाठी बिजागरीच्या आसनाच्या खालच्या बाजूला एक छोटी फळी कोरलेली असे. आसन वर उचललं की ती बरोबर पार्श्वभागाखाली येते आणि माणूस लांबून उभाच दिसतो. या टेकूचं नावही मिझरिकॉर्ड. एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातले असे टेकू आजही आहेत आणि त्यांतल्या एकावर हत्ती कोरलेला आहे. आणि चिलखताच्या फटीतून आत जाईल अशी अरुंद, टोकदार कट्यार, जखमी होऊन पडलेल्या सरदाराला शेवटचा घाव घालायची, तिचंही नाव मिझरिकॉर्ड. जेवण, टेकू, कट्यार: तिन्ही ठिकाणी कडक नियमातून किंवा वेदनेतून सुटका आहे.

वाचताना अर्थ कसा ठरवायचा

जुना मजकूर समोर आला की भावनेपासून सुरुवात करू नका. आधी विचारा: वरचा कोण, खालचा कोण, आणि या दोघांत काय हातबदल होतंय?

शब्दाजवळ रक्कम, जामीन किंवा ‘म्हणून’ दिसलं तर तो दंड. ‘फाइन’ आणि ‘अमर्समेंट’ यांत घोळ करू नका. त्या काळी ‘फाइन’ म्हणजे प्रकरण मिटवण्यासाठी ठरवून दिलेली रक्कम. ‘फिनिस’ म्हणजे शेवट, त्यावरून तो शब्द आला. बोलणारा प्रेमिक असेल तर होकार. वाक्य काही मिळाल्यानंतर लगेच आलं असेल तर आभार. अनेकवचन असेल आणि चर्चचा संदर्भ असेल, तर बहुधा दयेची सात कामं: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट आणि मेलेल्याचं दफन. यातली पहिली सहा बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातली, सातवं नंतर जोडलेलं. यॉर्कच्या नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये पंधराव्या शतकाच्या आरंभीची एक रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यात पहिली सहाच दाखवली आहेत. दाढीवाला एक सुखवस्तू माणूस एकेका चौकटीत एकेक काम करताना दिसतो. मर्सी इथे त्याच्या हातातल्या भाकरीत आहे, चेहऱ्यावरच्या भावात ती शोधायला जाऊ नये.

बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत आणखी एक अडचण आहे. ज्या हिब्रू ‘हेसेद’साठी तिथे मर्सी येतं, त्याचा अर्थ नात्याला जागणं, दिलेल्या शब्दाला धरून राहणं असा आहे. 1535 मध्ये भाषांतर करताना माइल्स कव्हरडेलला मर्सी अपुरं वाटलं आणि त्याने ‘लव्हिंग काइंडनेस’ असा जोडशब्द घडवला. तो टिकला.

आपल्या दारात

पोर्तुगीजमध्ये याच लॅटिन शब्दाचं ‘मेर्से’ झालं, आणि ते गोव्यात गावाच्या नावात आहे. पणजीजवळचं मेर्सेस हे तिथल्या ‘नोस्सा सेन्योरा दास मेर्सेस’, म्हणजे कृपांच्या माउलीच्या, चर्चवरून ओळखलं जातं. पोर्तुगीज ‘व्होस्सा मेर्से’, म्हणजे ‘आपली कृपा’, हे आधी मोठ्यांना उद्देशून म्हणत. झिजत झिजत त्याचं ‘व्होसे’ झालं, साधं ‘तुम्ही’. स्पॅनिश ‘उस्तेद’चीही तीच कथा. आणि मर्सिडीज गाडी ज्या मुलीच्या नावावरून ओळखली जाते तिचं नाव याच शब्दाचं स्पॅनिश अनेकवचन.

आपल्या कायद्यात मर्सी इंग्रजांकडून आली, पण उशिरा. राष्ट्रपतींचा माफीचा अधिकार राज्यघटनेच्या बहात्तराव्या अनुच्छेदात आहे, राज्यपालांचा 161 व्या अनुच्छेदात. वर्तमानपत्रं त्यालाच ‘दयेचा अर्ज’ म्हणतात, पण या दोन्ही अनुच्छेदांच्या इंग्रजी मजकुरात ‘मर्सी’ शब्द नाही. तिथे आहेत शिक्षा माफ करणं, लांबवणं, कमी करणं, बदलून सौम्य करणं अशा नेमक्या क्रिया. फाशीच्या शिक्षेबाबत ‘मर्सी पिटिशन’ हे शब्द 2023 च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 472 व्या कलमात आले, आणि त्यासोबत मुदतीही: अपील फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून 30 दिवसांत अर्ज, आणि राज्यपालांनी नाकारल्यास 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे.

‘दयेचा अर्ज’ या मराठी शब्दांत जुन्या राजाची सावली आहे: कोणी एक वर बसलेला, कोणी एक पायाशी. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की माफी ही सत्ता हाती असलेल्या माणसाची खासगी कृपा नाही, ती राज्यघटनेच्या योजनेचा भाग आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ते आपलंसं केलं. म्हणून आज तो अर्ज लिहिताना वकील अश्रू आणि विनवण्या फारशा लिहीत नाहीत. कैद्याचं वय, प्रकृती, तुरुंगातली वर्षं, खटल्यात नजरेतून सुटलेला पुरावा, निर्णयाला झालेला उशीर, असे मुद्दे क्रमांक घालून मांडतात.